ब्रिगेडियरची बहीण

ब्रिगेडियर देवानंद मांढरे महिन्याच्या सुटीवर गावी आले आणि पाचव्याच दिवशी तलावाची पाळ पाझरायला लागली. नागभीडकडचं गाव ते, चार दिवसांची झड लागलेली आणि तलाव काठोकाठ भरलेला.

सरपंच मंगरू धापा टाकत अंगणात आला. "साहेब, पाळीच्या खालून पानी येऊन राह्यलं. लोकं म्हणते, फुटाच्या आधी आपनच पाळ फोडून पानी सोडून द्या."

देवानंद होते त्या लुंगीवरच निघाले. पाळीच्या पायथ्याशी वाकून त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं. गढूळ होतं. म्हणजे पाणी आतली मातीही घेऊन येत होतं.

"पाळ फोडायची नाही. खालचं सगळं धान वाहून जाईल. रिकामी पोती आणा, चिकणमाती आणा, दोर आणा."

आवाजच असा, की उलटून कोणी विचारलं नाही. मासेमारी करणाऱ्या ढिवराचं हे पोर अठराव्या वर्षी फौजेत शिपाई म्हणून भरती झालं, परीक्षा देत देत अधिकारी झालं. बर्फात, दरडीखाली, फुगलेल्या नद्यांवर त्यांनी पूल उभारले होते. माणसांना कामाला कसं लावायचं हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

पाझराभोवती पोत्यांचं कडं झालं. पण पाणी शिरत होतं तलावाच्या बाजूने, ते भोक सापडायला हवं होतं. देवानंद सदरा काढू लागले, तेवढ्यात थोरली बहीण गोकुळा पुढे आली. साठीची बाई, अजूनही रोज तलावात उतरून मासोळी धरणारी.

"तू काऊन उतरतं? सदतीस वर्सं झाली तुले या पान्यात पाय टाकून. मले ठावं हाये इथली जमीन."

"बाई, भोक पाण्याला आत ओढतं. पाय अडकला तर?"

"तर तू ओढजो मले. येवढ्या जवानायचा साहेब हायेस ना?"

अशा कामांवर देवानंदांनी कितीदा तरी माणसं पाठवली होती. जो जास्त जाणतो त्यालाच पाठवायचं, हा त्यांचा आजवरचा नेम. तो आज बहिणीसाठी मोडायचा कसा? त्यांनी स्वतः तिच्या कमरेला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि दुसरं टोक आपल्या अंगाभोवती घेऊन मागे चौघांना धरायला उभं केलं.

गोकुळा छातीभर पाण्यात पायाने चाचपडत सरकत गेली. एकाएकी ती कलली. दोर ताणला गेला. देवानंदांनी टाच रोवली आणि मागच्या चौघांसह तिला ओढून धरलं.

"इथी हाये!" ती ओरडली. "मांडीयेवढं भोक हाये. द्या पोतं!"

मातीची पोती एकामागून एक तिच्याकडे सरकवली गेली. ती एकेक दाबून बसवायची, वर उभी राहून तुडवायची. अकराव्या पोत्याला पाण्याची ओढ थांबली. दुपारपर्यंत पायथ्याशी येणारं पाणी नितळ झालं, मग नुसती ओल राहिली. वरून ताडपत्री आणि माती टाकून लोकांनी पाळ चांगली दाबून घेतली.

घरी चुलीवर भात ठेवून गोकुळा पदर वाळवत बसली. देवानंद शेजारी टेकले.

"बाई, माझ्या हाताखाली असतीस तर पदक दिलं असतं तुला."

"तुह्या हाताखाली?" गोकुळा हसली. "तुले पोहाले कोनं शिकवलं रे?"

ब्रिगेडियर साहेबांनी वाढून घ्यायला ताट तिच्यापुढे केलं.