सूर्याचा शालू

"खळखळ आयकू येते का बे वल्या? कान देऊन आयक!"

"खळखळ तुमच्या पोटातली असंन, वामनदादा. पाइपाले तं नुसती उचकी लागली हाय."

संक्रांतीची सकाळ होती. वरूडजवळच्या त्या गावातलं निम्मं माणूस वामनरावांच्या संत्र्याच्या बागेत जमलं होतं. विहिरीच्या काठावर, पाइपाच्या तोंडाशी, करंगळीएवढी धार यायची आणि लाजून परत आत जायची. नव्या जावयाच्या तोंडून पहिला शब्द कधी फुटतो याची सासऱ्यानं वाट पाहावी, तसे वामनराव त्या धारेकडे पाहत होते. वली मात्र हसत होता. त्याच्या हसण्याला कारण होतं, आणि ते थेट त्याच्या पोटाशी जोडलेलं होतं.

वली हा गावचा वाइंडिंगवाला, जळलेल्या मोटारींत नवी तार भरून देणारा. लाइनीचा दाब पडला की मोटार जळायची, आणि मोटार जळली की वलीची चूल पेटायची. वीस वर्षं हे असंच चाललं होतं. वीज एक आठवडा दिवसा यायची, एक आठवडा रात्री. आणि यायची तीही थकलेली, पायात पाय अडकवत. गाव तिला शिव्या देई, वली मनातल्या मनात दुवा देई. त्याच्या दुकानात वार्निशचा जळका वास कायमचा मुक्कामाला होता. त्या वासात बसून त्याची बायको जहाँआरा तांब्याची तार अशा हातानं वळायची, की पाहणाऱ्याला वाटावं, ही मोटार भरत नाही, कुणा लेकीची वेणी घालते आहे.

आणि मग वामनरावांच्या बागेत सूर्य उतरला. सौरपंपाच्या दहा निळ्या पलेटी. कुणी आभाळ कात्रीनं कापून चौकटीत बसवावं आणि दक्षिणेकडे तोंड करून ठेवून द्यावं, तशा.

त्या आठवड्यात पारावर दुसरा विषय नव्हता. पंजाबराव पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि वाचताना सगळं जग आपल्याच मेहनतीनं चाललंय असा त्यांचा चेहरा व्हायचा. "चीनमंधी म्हंते तयाच्या पान्यावर पलेटी तरंगून राहिल्या. जर्मनीत तं घराघरावर हायत. कोयशाचं राज्य जगातून उठून राहिलं, बापा!"

"जगाचं मले काहून सांगता?" वली म्हणाला होता. "पानी ओढाले मनगट लागते, मनगट! ऊन म्हंजे फुकटचा पाहुना. जेवंन, झोपंन, अन् दिवस कलला का निंघून जाईन."

यावर वामनराव पारावरून उठून उभेच राहिले. "संक्रांतीले याच उन्हावर बागीचा ताण तोडतो! नाई तुटला तं जुनी मोटार खांद्यावर घेऊन तुह्या दुकानात येतो, अन् त्या पलेटीवर कुरड्या वायवतो!"

ताण तोडणं ही थट्टेची गोष्ट नव्हे. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरतानाच्या फुलोऱ्यासाठी, बाग महिनाभर मुद्दाम तहानेली ठेवायची. पानं मलूल होऊ द्यायची, मातीला भेगा पडू द्यायच्या. आणि झाड अगदी काकुळतीला आलं की नेमक्या दिवशी पोटभर पाणी सोडायचं. मग ते वेड्यासारखं फुलतं. दिवस चुकला तर फुलायचं विसरून नुसता जीव सांभाळत बसतं. वामनरावांची बाग आता त्या काठावर उभी होती. आणि गावातली अठरा माणसं असल्याच पलेटींचे अर्ज भरून बसली होती. तो गठ्ठा पंजाबरावांच्या बंडीच्या खिशात होता. धार लागली तर अर्ज तालुक्याला जाणार. नाही लागली तर फाटणार, आणि वलीचं दुकान पुढची वीस वर्षं जळक्या वासात सुखानं नांदणार.

"परवा फिटरनं दावली तवा मनगटावानी धार होती," वामनरावांनी कपाळ पुसलं. "आज काय झालं? तो फोन बी उचलून नाई राहिला."

"संक्रांत हाय. सूर्य सुट्टीवर गेला असंन," वली म्हणाला, आणि माणसं खदखदून हसली.

पंजाबरावांचा हात बंडीकडे गेला. "फाडू का मंग?"

"थांबा ना भाऊ! दहा मिन्टं थांबा!"

नेमका तेव्हा वारा सुटला.

पलेटींकडे पाहत वली उभा होता. त्या सकाळी गोदाबाईंनी, म्हणजे वामनरावांच्या मंडळींनी, गावातल्या बायका जमवून पलेटींची पूजा केली होती. कडेच्या दोन पलेटींवर त्यांचा लग्नातला हिरवा शालू चढला होता. उरलेल्या आठांवर झेंडूच्या माळा, कापसाची वस्त्रं आणि पाची बोटांचं हळदीकुंकू. वाऱ्यानं शालूचा पदर उचलला, आणि पाइपातून फस्सकन मूठभर पाणी आलं. पदर खाली बसला. धार पुन्हा करंगळीवर आली. पुन्हा पदर उडाला. पुन्हा पाणी.

वलीच्या ओठांवरचं हसू तिथंच राहिलं, पण त्याच्या आतलं सगळं निघून गेलं.

आता फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचंही नव्हतं. दहा मिनिटं गप्प.

"काय दिसलं जी?" शेजारी जहाँआरा तिळगुळाची वाटी घेऊन उभी होती.

"काई नाई."

"तुमचं काई नाई मी वीस वर्षांपासून वळखतो."

वलीनं तिला डोळ्यांनी पदर दाखवला, मग धार दाखवली. तिनं पाहिलं. तारेची वेटोळी मोजणारी बाई ती. तिला दोनदा सांगावं लागलं नाही. मग जवळच्या संत्र्याचं एक पान तिनं चिमटीत धरलं. ते पापडासारखं वाजलं.

"झाड प्यासं हाय जी," ती एवढंच म्हणाली.

वलीनं एक लांब श्वास घेतला. आणि मग तो इतक्या मोठ्यानं ओरडला, की विहिरीतले पारवे उडाले.

"ओ गोदावैनी! हा काय मजार हाय का, चादर चढवाले?"

गोदाबाई ठसक्यात पुढं आल्या. "काहून? सूर्यदेव घरी आला, अन् त्याले उघडा ठिवू का? अन् दोनच तं झाकल्या! आठ उघड्या हायत नं? दोन बैल बसले तं आठ काय मेले?"

"बैल वायले वायले असतेत, वैनी! ह्या दाही एका कासऱ्याले बांधल्या हायत. एक बसली का सारे अडतेत. अन् उघड्या म्हंता त्याइच्या डोयात तं तुमी कुकू घालून ठिवलं!"

मग वामनरावांनी कपाळावर असा हात मारून घेतला की टोपी पडली. "काढ वो गोदे, काढ तो शालू!"

"म्या नाई! देवाचं वस्त्र नेसवाचं असते. फेडाचं पाप कोन घेईन?"

वामनराव पंजाबरावांकडे वळले. पंजाबराव दोन पावलं मागं सरले. "माह्याकडं काहून पायता? मी तं अर्जावाला."

सगळे पाहत राहिले वलीकडे.

"तुमीच उतरवा, वलीभाऊ," गोदाबाई म्हणाल्या. "तुमाले चादरीचं मायती."

वलीनं चपला काढल्या. ओठांतल्या ओठांत बिस्मिल्ला म्हटलं, दोन्ही हातांनी शालू उचलला, दर्ग्यात धरतात तसा जमिनीला न लागू देता घडी केला, डोळ्यांना लावला आणि गोदाबाईंच्या ओटीत ठेवला. मग माळा काढल्या. मग खांद्यावरचा दुपट्टा ओला करून एकेक पलेट पुसायला घेतली. प्रत्येक पलेटीसरशी धार वाढत गेली: अंगठा, मनगट, कोपर. गाव मोठमोठ्यानं मोजू लागलं. "सात! आठ! नऊ!"

दहाव्या पलेटीला पाइपानं फणा काढला. तो गर्रकन वळला आणि त्यानं पंजाबरावांना टोपीपासून चपलेपर्यंत न्हाऊ घातलं. "अर्ज! अर्ज!" करत ते धावले, आणि अर्जांची शाई त्यांच्या बंडीवर निळी निळी फुलली. वामनराव गुडघाभर चिखलात नाचत होते. बायका तीळ उधळत होत्या. भेगाळलेली काळी माती घटाघटा पीत होती, आणि तिचा तो आवाज ऐकून वलीला इतकं हसू आलं, की त्याला पलेटीच्या खांबाला धरून खाली बसावं लागलं. आपलं दुकान आपल्याच दुपट्ट्यानं पुसून टाकणारा दुसरा माणूस दुनियेत कुठं असणार!

"हासता काय?" जहाँआरा म्हणाली, पण तीही हसत होती. "आता खासान काय?"

"अवो बाई," गोदाबाईंनी तिच्या हातावर वाण ठेवलं. "कुकू लावनाऱ्या अठरा झनी होतीन. पुसनारा तं एकच हाय!"

अर्ज पुन्हा भरले गेले. तीन आठवड्यांनी वामनरावांची बाग अशी फुलली, की त्या वासात वलीच्या दुकानातला जळका वास पहिल्यांदा हरला. पुढं एकेका शेतात पलेटी बसत गेल्या. त्यांच्या तारा, त्यांची साफसफाई, त्यांचे रुसवेफुगवे, सगळं वलीकडे आलं.

पण पूजा काही थांबली नाही. थांबेल कशी? नवी पलेट बसली की बायका जमतात, हळदीकुंकू लावतात, घरातला चांगला शालू चढवतात, आणि मग सगळं गाव वलीची वाट पाहत थांबतं. त्याला वाजतगाजत आणतात, नारळ देतात. तो चपला काढतो, शालूचा काठ दोन्ही हातांत धरतो, आणि मागं वळून, डोळे मिचकावत विचारतो,

"सोडू का सूर्य?"

आणि पोरासोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळं शेत एका गळ्यानं ओरडतं,

"सोड बापा, सोड!"