तळाची मूठ

हारुनभाईंच्या दुकानात नळाचे डबे आले तेव्हा सातपूर कॉलनीतल्या बायकांनी त्यांचं बारशाच्या पाळण्यासारखं कौतुक केलं. वेदिका मात्र ते बघून घरी आली ती कपाळाला आठ्या घालूनच.

तशी ती सोय चांगली होती, नाही असं नाही. आधी पत्र्याचे डबे होते. झाकण काढायचं, आत माप घालायचं, वरचं वर काढून द्यायचं. हारुनभाईंच्या मुस्तकीमने ते सगळे माळ्यावर टाकले आणि भिंतभर पारदर्शक उभे डबे लावले. माल वरून ओतायचा, खाली एक खटका. खटका ओढला की माल स्वतःच्या वजनाने घसरत येतो आणि पिशवीत पडतो. मुस्तकीम त्याला डिस्पेन्सर म्हणायचा. कॉलनी नळाचा डबा म्हणायची. "जुना माल आधी निघतो वहिनी, नवा वर थांबतो. हात लावायचं कामच नाही," असं तो प्रत्येकीला अभिमानाने सांगायचा.

वेदिकाने त्याला एकच विचारलं होतं. "आणि या डब्यात याच्या आधी काय होतं?"

हा प्रश्न ती हल्ली सगळीकडे विचारायची आणि सगळीकडे लोक तिच्याकडे बघून हसायचे. तिचा साई तिसऱ्या वर्षात होता आणि त्याला शेंगदाणा चालत नव्हता. नणंदेकडे कार्यक्रमात कुणीतरी लाडाने साबुदाणावडा भरवला होता. बघता बघता पोराचं तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या आणि दवाखान्याच्या दारात त्याने भडभडा उलटी केली. डॉक्टरांनी सांगितलं, दाण्याचा कणसुद्धा नको. डॉक्टरांना ते एका वाक्यात सांगता आलं. वेदिकाला रोज नव्याने सांगावं लागत होतं, तेही अशा गावात, जिथे भाजीत कूट, चटणीत कूट, काकडीच्या कोशिंबिरीतही कूट. समोरच्या मनीषाताईंनी तर वांग्याची भाजी देताना छातीठोकपणे सांगितलं होतं, "यात दाणे नाहीत हं, नुसतं कूट आहे."

घरात वेगळीच तऱ्हा. सासूबाई, कुसाबाई, वणीकडच्या. त्या कार्यक्रमाच्या वेळी त्या गावाला होत्या, त्यामुळे साईचं सुजलेलं तोंड त्यांनी फक्त फोनवरून ऐकलेलं. "आमच्याकडं पोरं दाणे खाऊनच मोठी झाली. ही ॲलर्जी-बिलर्जी शिकलेल्या बायांच्या पोरांनाच कशी व्हती?" असं त्या देवाला विचारल्यासारखं विचारायच्या, पण वेदिकाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. नवरा, संतोष, कारखान्यातून शिफ्ट करून यायचा आणि दोघींकडे बघून म्हणायचा, "तुम्ही दोघी बरोबर आहात." त्यावर वेदिकाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटे.

साईला आवडायच्या ज्वारीच्या लाह्या. त्यांच्यासाठी वेदिकाने मुस्तकीमकडून कबूल करून घेतलं होतं की कोपऱ्यातल्या खालच्या डब्यात लाह्यांशिवाय काही भरायचं नाही आणि दाण्यांचा डबा पलीकडच्या भिंतीला. मुस्तकीम हसून म्हणाला होता, "तो डबा साईच्या नावावर केला समजा."

त्या दिवशी कुसाबाईंची चतुर्थी होती. साबुदाणा आणायला त्या, वेदिका आणि साई अशी तिघं दुकानात गेली. हारुनभाई माल आणायला बाजारात गेले होते. गल्ल्यावर त्यांची बायको, रोशनबी, बसली होती. मुस्तकीम बाहेर त्याच्या मालवाहू रिक्षातून पोती उतरवत होता. कुसाबाई आणि रोशनबी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी करायला लागल्या. वेदिका साबुदाण्याची पिशवी धरून उभी होती, तेवढ्यात मागे खडखड झाली.

साईने पलीकडच्या भिंतीवरचा सगळ्यात खालचा खटका ओढला होता. लाह्या त्याच्या ओंजळीत पडल्या, ओंजळीतून फरशीवर पडल्या, आणि थोड्या तोंडातही गेल्या होत्या. तो खुशीत चावत होता.

त्याच्या डाव्या तळव्याला काहीतरी तांबूस चिकटलं होतं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ. वेदिका वाकली. दाण्याची साल. आणि फरशीवर, पांढऱ्या लाह्यांमध्ये, अर्धा दाणा.

तिने त्याच्या तोंडात बोट घालून होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. साईने भोकाड पसरलं. पर्समधली बाटली काढून तिने डॉक्टरांनी सांगून ठेवलेलं औषध पाजलं, आणि एका हाताने पोर धरून दुसऱ्या हाताने फोन लावला. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घरी जाऊ नका, सरळ इकडे या. इथे नजरेखाली ठेवू. आणि किती दाणे पोटात गेले असतील, याचा काही अंदाज येतो का बघा."

"मुस्तकीम, रिक्षा," वेदिका म्हणाली.

"वहिनी, चारच पोती राहिलीत, पुढे बसवतो तुम्हाला," म्हणत तो पोत्यांना भिडला.

वेदिका साईला कडेवर घेऊन उभी राहिली. ओठ बघितले. डोळे बघितले. छातीला कान लावला. मग रोशनबींकडे वळली. "चाची, या डब्यात दाणे कुठून आले?"

"दाणे? नाही गं बेटा. दाणे तर वर सरकवले. पोरं सारखी दाण्यांचा खटका ओढायची, म्हणून मुस्तकीमने जागा बदलली, कोपऱ्यातल्या लाह्या इकडे आणल्या. पहिले या डब्यात दाणे होते, आता लाह्या."

"आधी दाणे होते? आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"अगं, पण दाणे काढून मगच लाह्या भरल्या ना."

"धुतला होता डबा?"

रोशनबींनी ओढणी सारखी केली. "धुवायला पूरा खाली करावा लागतो. डबा कधी पूरा खाली करतात का? मूठभर ठेवायचं तळाला. बरकत असते."

वेदिकाला आधी कळलंच नाही. मग कळलं. "तुम्ही मूठभर दाणे तळाला ठेवले. आणि वरून लाह्या ओतल्या."

"मूठच ना. केवढीशी."

"बरोबर हाय की," कुसाबाई म्हणाल्या. "डबा उपडा करू नाय. घर बसतं. आमच्या सासूबाई कणगी झाडताना पण आदल्या सालचं पसाभर शिल्लक ठेवायच्या."

"तेच तर," रोशनबी म्हणाल्या. "हा मुस्तकीम ऐकत नाही. म्हणतो, अम्मी, हायजीन. मी म्हटलं, तुझ्या हायजीनने दुकान चालतं का?"

दोघींनी एकमेकींकडे बघून मान डोलावली. एवढं एकमत सातपुरात पाणी सोडण्याच्या वेळेवरही झालेलं वेदिकाने पाहिलं नव्हतं. तिच्या खांद्यावर साई मुसमुसत होता आणि तिला डॉक्टरांना आकडा द्यायचा होता.

"चाची, आज लाह्या आधी कुणी नेल्या?"

"बयाबाईने. सकाळी पहिली तीच आली. परत येऊन सांगून पण गेली, दाणे टाकलेत ते छान केलंत म्हणाली. मी म्हटलं, काहीही बोलते."

वेदिकाने हिशोब केला. मुठीतले बरेचसे दाणे बयाबाईच्या पिशवीत गेलेले. साईच्या वाट्याला कडेला अडकलेले दोन-चार, त्यातला अर्धा फरशीवर. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि त्यासोबत इतक्या दिवसांचा सगळा वैतागही बाहेर आला.

"म्हणजे तुमची बरकत बयाबाईच्या घरी गेली."

"हां?"

"हा पत्र्याचा डबा नाही, चाची. त्यात वरून काढायचात, मूठ तळाला राहायची. याला खालून तोंड आहे. तळाला जे असतं तेच आधी बाहेर पडतं. तुम्ही मूठ ठेवता आणि पहिलं गिऱ्हाईक ती पिशवीत घालून घेऊन जातं. रोज. प्रत्येक डब्यातून."

बाहेर मुस्तकीमने पोतं टाकल्याचा आवाज आला. रोशनबींनी भिंतीकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत, एकेका खटक्याकडे. तूर, मूग, पोहे, बडीशेप.

"या अल्ला," त्या हळूच म्हणाल्या. "रमजानपासून हे डबे आहेत."

"सकाळी पहिली तर लई वेळा मीच असते," कुसाबाई बोलून गेल्या.

रोशनबींनी त्यांच्याकडे असं काही बघितलं, जणू इतक्या वर्षांच्या मैत्रिणीच्या पदराला आपल्या घरच्या किल्ल्या बांधलेल्या दिसल्या.

"मला काय म्हाईत," कुसाबाई म्हणाल्या. "मी काय मागितली व्हती का?"

वेदिका पुढे काही बोलणार होती, पण साई मान खाजवायला लागला. तिने कॉलर बाजूला केली. कानाखाली लाल फुगवटा आला होता, रुपयाएवढा. तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या शेजारी दुसरा उठला.

"आई, बघा," ती म्हणाली. यावेळी आवाज चढला नाही.

कुसाबाई जवळ आल्या, चष्मा वर केला. गांधीवर बोट ठेवलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं. "एवढ्याशा दाण्यानं?"

"एवढ्याशा दाण्याने."

मालवाहू रिक्षात पुढे मुस्तकीमशेजारी वेदिका साईला घेऊन अंग चोरून बसली, आणि कुसाबाई मागे, उरलेल्या एका पोत्यावर, नऊवारीचा काठ मुठीत धरून. नको म्हटलं तरी चढल्या. त्र्यंबक रस्त्यावरच्या सिग्नलला मुस्तकीम म्हणाला, "वहिनी, मी अम्मीला हजारदा सांगितलं." वेदिका म्हणाली, "पुढे बघून चालव." ती साईचे श्वास मोजत होती.

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. गांधी छातीपर्यंत आल्या आणि तिथे थांबल्या. श्वास स्वच्छ होता. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात निभावलं, पण संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. साई पलंगावर बसून नर्सच्या पेनाशी खेळायला लागला. वेदिकाने पहिल्यांदा पाठ टेकली.

कुसाबाईंचा फोन वाजला. त्यांना फोन कानाशी धरूनही मोठ्याने बोलायची सवय, आणि पलीकडे रोशनबीही तशाच. त्यामुळे सगळ्या वॉर्डाला ऐकू येत होतं.

"साई कसा आहे?"

"बरा हाय. सुई दिली."

"अल्लाचं करम. कुसाबाई, ऐक. हारुनमियाँ आले, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणतात, सगळे डबे रिकामे करून धुवा. मी काय करू? एकदम सगळे उपडे करायचे? हात नाही उठत माझा."

कुसाबाईंनी साईकडे बघितलं. त्याच्या मानेवरचा लाल डाग अजून पुरता उतरला नव्हता.

"उपडे कर," त्या म्हणाल्या. "मी सांगते ना. दाण्याचा आधी कर. काय पाप लागायचं ते मला लागंल. आणि मूठ ठेवायचीच आसंल तर तुझे माळ्यावरचे पत्र्याचे डबे हायेत ना, त्यात ठेव. दाणे येगळ्या डब्यात. झाकण घट्ट लाव."

"आणि तू नेलेली?"

"ती पोटात गेली. आता काय काढून देऊ?" कुसाबाईंनी फोन बंद केला.

वेदिका बघत राहिली. इतके महिने जे डॉक्टरांच्या चिठ्ठीने, तिच्या बोलण्याने, संतोषच्या गुळमुळीतपणाने झालं नव्हतं, ते झालं होतं. तिला बरं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मग सासूबाईंच्या फोनवरचं 'मूठ ठेवायचीच आसंल तर' हे बोलणं तिच्या मनात पुन्हा घुमलं आणि ती ताठ बसली.

"आई."

"काय?"

"आपल्या घरी डबे तुम्ही भरता."

कुसाबाईंनी पदर खांद्यावरून घेतला.

"साईच्या राजगिऱ्याच्या डब्यात याच्या आधी काय होतं?"

कुसाबाई वर पंख्याकडे बघायला लागल्या. पंखा हळू फिरत होता.

"आई, मी काहीतरी विचारलं."

"संतोषला फोन लाव," कुसाबाई अखेर म्हणाल्या. "त्याला सांग, शिफ्टवरून थेट घरी जा. सगळे डबे वट्यावर काढून ठेव म्हणावं. मी आले का एकेक सांगते, कशात काय व्हतं ते."

वेदिकाने फोन हातात घेतला. सगळे डबे, म्हणजे फळीवरचे, ओट्याखालचे आणि माळ्यावरचेही. तिने नंबर लावला आणि तो वाजत असताना साईची कॉलर पुन्हा एकदा बाजूला करून पाहिली.