विहिरीतल्या राणीची दुसरी वेचणी

सलोनी राणी झाली हे गावात कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यात गावाचा काही दोष नव्हता. विहिरीखालच्या राज्याचा कायदाच तसा. तिथल्या गादीवर जो बसतो, त्याला वरची माणसं विसरतात. आई विसरते, बाप विसरतो, शाळेचा हजेरीपट विसरतो. राशनकार्डावरून नाव उडतं आणि तलाठी शपथेवर सांगतो की ते कधी नव्हतंच. सरकारी काम इतक्या झटपट झाल्याचं राळेगाव तालुक्यात दुसरं उदाहरण नाही.

विसरली नाही ती फक्त रुपाली. सलोनीला मुकुट चढला त्या घडीला रुपाली विहिरीच्या पायऱ्यांवर होती, अर्धी वर, अर्धी खाली. कायदा वरच्यांसाठी होता, खालच्यांसाठी होता. पायरीवरच्यांचं काय, ते लिहायचं राहून गेलं होतं.

झालं ते असं. मागच्या हंगामात बबनरावांच्या वावरात सीतादहीचा दिवस होता. पहिल्या वेचणीआधी पऱ्हाटीची, कापसाच्या झाडाची, पूजा करायची, तिला दहीभाताचा निवद दाखवायचा आणि दह्यासारखा पांढरा कापूस पिकू दे म्हणायचं, मग बोंडाला हात लावायचा. निवदाचा द्रोण बबनरावांच्या पोरीकडे, म्हणजे सलोनीकडे दिला होता. रुपाली आपल्या आईबरोबर, शीलाबाईंबरोबर, मजुरीनं वेचायला आली होती. दोघी एकाच वर्गातल्या. ऊन फार होतं, म्हणून दोघी आधी विहिरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. सलोनी म्हणाली, "पऱ्हाटीले काय चव समजते व?" आणि द्रोण विहिरीत उपडा केला.

खाली त्या वेळी गादीचा वाद चालू होता. जुना राजा गेला होता, वारस बरेच होते, आणि भांडण इतकं लांबलं होतं की राजवाड्याचा भटारखाना बंद पडला होता. अशा उपाशी दरबारावर वरून दहीभात पडला. दरबाराला जो जेवू घालेल तो राजा, असा तिथला फार जुना नियम. पऱ्या मुकुट घेऊन वर आल्या. सलोनी हसत हसत त्यांच्याबरोबर उतरली. "आलीच मी," म्हणाली.

त्याला वर्ष होऊन गेलं.

रुपालीच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर. देव, भूत, परी, कुणालाच त्या घरात मानत नसत. रुपालीही मानत नव्हती. तिला पऱ्या भेटल्या होत्या, पण भेटलं म्हणजे मानलंच पाहिजे असं थोडंच आहे?

मानायचा प्रश्न नव्हता, बोलायचा होता. सांगायचं कोणाला? त्या वर्षांत जिल्ह्यात पथकं फार येत. कापूस का बुडाला, हे विचारायला मुंबईहून, दिल्लीहून गाड्या येत, फोटो निघत, चहा होई. एका पथकातल्या साहेबाला रुपालीनं सरळ सांगून टाकलं की माझी मैत्रीण या विहिरीत राणी आहे. साहेबांनी मान डोलावली आणि विचारलं, "पाण्याची पातळी किती?"

सलोनीच्या आईकडे, विमलताईंकडे ती एकदाच गेली. विमलताईंच्या चुलीपर्यंत रुपालीची ये-जा होती, आणि ती सलोनीनं मिळवून दिली होती. आईशी भांडून, दोन वेळा उपाशी राहून. आता सलोनीच नव्हती, तर ते भांडणही झालेलं नव्हतं. विमलताईंनी तिला ओसरीवर बसवलं आणि वरून पाणी वाढलं, ओंजळीत.

"कोनाची व तू? शीलाची ना? काय काम होतं?"

"काई नाई काकू. लोनचं मुरलं का पाह्याले आली."

"कोनतं लोनचं?"

"फळीवरचं, डाव्या हाताचं. बरणीचं झाकन फुटलं हाय ते."

 त्या दिवसापासून विमलताई घराला दुपारीही कडी लावू लागल्या.

यंदाची वेचणी लागली तेव्हा रुपाली बारावीत होती आणि वर्गात तिच्या बाकावर ती एकटी बसायची. मास्तर म्हणायचे, ही जागा काहून रिकामी ठेवता? कुणाला सांगता यायचं नाही.

अशात एका दुपारी बबनरावांच्या वावरात तिनं भाकरीचं फडकं सोडलं, तर भाकरीवर एक बेडूक बसलेला. त्यानं घसा साफ केला.

"नमस्कार. प्राप्त माहितीनुसार आपण कुमारी रुपाली धर्मपाल आहात."

विहिरीखाली सगळे असंच बोलतात. बबनरावांचा रेडिओ फार वर्षांपूर्वी विहिरीत पडला होता. माणसांची भाषा दरबार त्याच्यावरूनच शिकला. त्यांना वाटतं आपण सगळे घरात असेच बोलतो.

"भाकरीवरून ऊठ आधी," रुपाली म्हणाली.

"दरबारात आपली साक्ष आहे. येत्या काही तासांत हलक्या ते मध्यम स्वरूपाचा राजद्रोह होण्याची शक्यता आहे."

आई पार तिकडच्या टोकाला वेचत होती. रुपालीनं कमरेचं फडकं आवळलं आणि विहिरीत उतरली. खरं सांगायचं तर वर्षभर ती याच बोलावण्याची वाट बघत होती. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती. सलोनीला घरी आणायचं.

पाण्याखाली पाणी संपतं आणि राज्य लागतं. दरबार मोठा होता, पण हाल दिसत होते. खालच्या कापसाचंही तेच झालं होतं. पऱ्यांच्या पंखांवर माव्याची कीड पडली होती, आणि कोपऱ्यात नुकत्याच येऊन गेलेल्या कुठल्याशा पथकाचे कप पडले होते. उंचावर गादी होती आणि गादीवर सलोनी. मुकुट तिला जरा सैल होता. तिनं रुपालीकडे पाहिलं, जसं एसटीच्या खिडकीतून दुसऱ्या एसटीकडे पाहावं तसं.

गादीशेजारी दिवाण उभा होता. उंच, सुकलेला, मिश्या मक्याच्या कणसासारख्या. त्याला आपल्या भाच्याला राजा करायचं होतं. भाचाही तिथंच होता. तो झोपला होता.

"बंधू आणि भगिनींनो," दिवाण म्हणाला, "वर जिची आठवण उरली आहे तिला खाली राज्य करता येत नाही. ही मुलगी राणीला ओळखते, अशी आमची खबर आहे. सिद्ध झाल्यास राणींना वर, त्यांच्या मूळ घरी, सोडण्यात येईल. लोकही त्यांना पूर्ववत ओळखू लागतील."

रुपाली हरखली. इतकं सोपं? तोंड उघडायचं आणि म्हणायचं, होय, ओळखतो. माझ्या बाकावरची पोरगी आहे ती.

"परंतु," दिवाण म्हणाला, "माणसाची जीभ आम्ही पुरावा मानत नाही. आम्ही रेडिओवर निवडणुका ऐकल्या आहेत. आम्ही हात तपासतो."

तेवढ्यात सलोनी गादीवरून उतरली. "साक्षीदाराचे हात आधी राणीनं बघायचे असतात," ती म्हणाली. असा काही नियम नव्हता, पण राणीनं म्हटल्यावर आता तो झाला. तिनं रुपालीचे दोन्ही हात हातात घेतले, दरबाराला पाठमोरी झाली आणि ओठ न हलवता बोलली.

"कायले आली व तू?"

"तुले घेऊन जाले."

"मले नाई यायचं."

"काऊन? तुह्या मायनं मले ओसरीवर बसवलं, माहीत हाय? बाकावर मी एकटी बसतो. बोलाले एक मानूस नाई मले."

सलोनीची बोटं घट्ट झाली. "रूपे, दारव्ह्याचा एक पोरगा पाह्याले येनार होता मले. बारावीच्या आधी. बाबानं होय म्हनून टाकलतं, मले इचारलं बी नाई. इथं मी बोललं तर मानतात व. चुकीचं बोललं तरी मानतात. मागच्या महिन्यात मी म्हनलं मंगळवार बंद, तर बंद झाला मंगळवार."

"मंगळवारानं काय केलतं तुले?"

"उगाच. पाहून पाह्यलं." ती हसली नाही, पण खांदा हलला. तिथं जुनी सलोनी होती. "हा दिवान तुह्यासंगं वेचनीची पात लावनार हाय मले. तुह्यी पात संपली का फक्त उभी राह्य. माह्याकडे येऊ नको. एवढंच कर."

"अन् मग?"

"मग तू परकी ठरशील. परक्याले रस्ता बंद होते." तिनं हात सोडले. "मी सांगतलं. आता तू तुह्यं पाह्य."

दिवाणानं गादीमागचा पडदा ओढला. मागं वावर होतं, तेवढंच वाचलेलं, छतापर्यंत उंच पऱ्हाटीचं, बोंडं विजेच्या दिव्यांसारखी. वेचायच्या ओळींच्या दोन पाती आखलेल्या, शेजारी शेजारी. एक रुपालीला, एक राणीला.

दिवाण हुशार होता हे मान्य करायला हवं. तो विहिरीतून बरेच हंगाम वर बघत आला होता. वेचणी किलोवर असते, जिचा कापूस तिची मजुरी. ज्या बाईचं आपलं कुणी नाही, ती आपली पात संपली की धुऱ्यावर, बांधावर, टेकते. पण मागं राहिलेली जर आपली असेल, तर समोरच्या टोकानं तिच्या पातीत शिरायचं, वेचत वेचत तिच्या तोंडापर्यंत यायचं आणि तो कापूस तिच्याच फडक्यात टाकायचा. हे कुणी शिकवत नाही. कुणी आभारही मानत नाही. पाय आपोआप वळतात. दिवाणाला ते पायच बघायचे होते.

वेचणी सुरू झाली. रुपाली शीलाबाईंची पोरगी. तिचे हात सुटले की मध्ये विचार येत नाही. तिनं मुद्दाम हळू व्हायचं ठरवून पाहिलं, पण हातांना ते जमेना, ते जन्मात कधी केलेलं नव्हतं. बघता बघता तिची पात संपली. फडकं सोडून तिनं मागं पाहिलं.

सलोनी अर्ध्यातही नव्हती. वेचणीत ती पहिल्यापासून मठ्ठ. मालकाची पोरगी, हौसेपुरतं वेचलेली. त्यात वर्षभर गादीवर बसून होती. बोंडाच्या सुकलेल्या टोकांनी तिची बोटं फाटली होती, मुकुट डोळ्यांवर येत होता, आणि तो ती मनगटानं मागं सारत होती. कापसावर लाल ठिपके पडत होते. ती एकदाही वर बघत नव्हती.

सगळा दरबार रुपालीच्या पायांकडे बघत होता. भाचासुद्धा जागा झाला होता.

पाऊल उचलायचं, बस. एक पाऊल, आणि सलोनी घरी. बाकावर सलोनी, एसटीत सलोनी, विमलताईंच्या चुलीपाशी दोघी. वर्षभर साठवलेलं सगळं बोलता येईल, पथकाच्या साहेबाचं, लोणच्याचं. दारव्ह्याचा पोरगा पुढचं पुढं. दोघी मिळून काहीतरी काढू. मिळून आपण काय नाही काढलं?

पण सलोनीनं मागितलं होतं ते एवढंच. आणि मागताना सगळं खरं सांगून मागितलं होतं. दरवाजा बंद होईल हेसुद्धा.

रुपालीचा उजवा पाय उचलला गेला. दरबारानं श्वास रोखला. मग तिनं तो पाय जवळ घेतला, दुसरा घेतला, आणि मांडी घालून धुऱ्यावर बसली. हात अजून चुळबुळत होते. त्यांचा भरवसा नव्हता. म्हणून तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि त्यांच्यावर बसली.

"काय करता आहात?" दिवाणानं विचारलं.

"बसली. थकली मी."

"त्यांना रक्त येत आहे."

"मग? माह्यी पात झाली. तिची तिनं करावं." आवाज नीट निघाला. तिला स्वतःलाच नवल वाटलं. "परक्या बाईच्या पातीत मी कायले जाऊ?"

मग ती तशीच बसून राहिली. सलोनीनं उरलेली अर्धी पात एकटीनं वेचली. फार वेळ लागला. पऱ्यांनी मध्ये चहा घेतला. रुपालीनं तिच्यावरची नजर हलवली नाही, कारण हलवली असती तर पुन्हा तिथं ठेवता आली नसती. हात मुंग्यांनी भरून गेले. शेवटचं बोंड वेचून सलोनी सरळ उभी राहिली, तेव्हा दोघींमध्ये एका पऱ्हाटीचं अंतर होतं.

"हवामान स्वच्छ," बेडकानं जाहीर केलं. "कोणतीही ओळख आढळून आली नाही."

टाळ्या झाल्या. दिवाणाला हातपंपाखालच्या राज्यात वकील म्हणून कायमचं पाठवण्यात आलं. तिकडचा गाळ प्रसिद्ध आहे. भाचा म्हणाला, बरं झालं, आणि परत झोपला.

सलोनीनं फाटलेली बोटं पदराखाली घेतली. दरबाराचं लक्ष तिच्यावर होतं, आणि पुढंही ते कायमच असणार होतं. तिनं एसटीच्या खिडकीची ती नजर पुन्हा डोळ्यांत आणली. या वेळी तिला वेळ लागला.

"साक्षीदार बाईंना वर सोडा," ती म्हणाली. "ऊन असेल. सांभाळून."

बेडूक पायऱ्यांपर्यंत आला. रुपाली चढली तशी एकेक पायरी मागं पाणी होत गेली. तिनं वाकून पाण्यात हात घातला. थंड होतं, खोल होतं, आणि तळाला चिखल होता.

वर तीच दुपार होती. पथकाची एक गाडी रस्त्यावरून धूळ उडवत गेली. विमलताई मजुरांना पाणी घेऊन आल्या होत्या. रुपालीला विहिरीवर बघून थांबल्या.

"एकटीच होती का व इथं?"

"हो काकू. एकटीच."

"विहिरीपाशी एकटीनं येऊ नाई. पोरी पडतात." त्यांनी कळशी वाकवली, तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. "अन् हात कायनं एवढे थरथरून राह्यले?"

"बसली होती हातावर."

"कायले?"

रुपाली पाणी प्यायली. उत्तर होतं, आणि चांगलं होतं. ते ऐकून पोट धरून हसली असती अशी एकच पोरगी होती.

"उगाच," ती म्हणाली, आणि तोंड पुसून वावरात गेली.