फोर्ट रेडिकची एकतीस थडगी

१४ सप्टेंबर १८८६, सकाळी साडेसहा, थडगी एकतीस. पश्चिम अमेरिकेतल्या माळावरचा फोर्ट रेडिक हा लष्करी किल्ला कायमचा बंद होत होता. सामानाच्या शेवटच्या गाड्यांवर तिथले मृत सैनिकही पूर्वेकडच्या मोठ्या दफनभूमीत न्यायचे होते. खोदकामावर देखरेख करणे आणि पेट्यांवर नावे रंगवणे, हे काम किल्ल्याचा अभियंता म्हणून माझ्याकडे आले.

अडचण नावांचीच होती. पाच वर्षांपूर्वीच्या हिमवादळात सरपण संपले. झाड नसलेल्या त्या माळावर कोरडे लाकूड फक्त थडग्यांवर उरले होते. नावाच्या त्या फळ्या दवाखान्याच्या शेगडीत गेल्या. कोण कुठे आहे हे किल्ल्यावरच्या शिपायांच्या साऱ्या कंपनीला पाठ होते, म्हणून नव्या फळ्या उन्हाळ्यात बसवायच्या ठरल्या. उन्हाळ्याआधीच कंपनीची बदली झाली.

मागे राहिली ती धोबीण होनोरा. तिचा नवरा कॉन टियर्नी वादळाच्या आदल्याच आठवड्यात न्यूमोनियाने गेला होता; तेव्हा ती स्वतः तापाने अंथरुणात होती, त्याचे थडगे तिने पाहिलेच नव्हते. पुढे नव्या कंपनीतल्या गुस्ताव लेंट्झशी तिने लग्न केले, आणि आज खणणाऱ्यांत तोच होता. कॉनच्या पेटीवर ‘अनोळखी’ असे लिहू नये, एवढेच तिने मला सकाळपासून तीनदा विनवले होते. खूण एकच: पुढचा दात अर्धा तुटलेला.

“हळू खण,” ती काठावरून म्हणाली. “तुझ्याहून जुना शिपाई आहे तो.”

“म्हणूनच मला खणायला लावून स्वतः पडून आहे,” गुस्ताव म्हणाला.

वादळानंतरच्या चौदा थडग्यांवर फळ्या होत्या. बिनफळीच्या सतरांपैकी सोळा दुपारपर्यंत उघडली. कुणाचे दात धड होते, कुणाचे गळून मातीत मिसळलेले. होनोरा धुळीत बसली. तिने विचारणेही सोडले होते.

शेवटच्या खड्ड्यात गुस्ताव एकटाच उतरला. फावड्याचा आवाज झाला आणि मग थांबला.

“होनोरा, ये. अर्धा दात.”

तिने बराच वेळ पाहिले. मग एप्रन सोडून कवटीवर पांघरला आणि म्हणाली, “कॉनच हा.”

ती पाणी आणायला गेल्यावर मी एप्रन उचलून वाकून पाहिले. बाकीचे दात मातकट तपकिरी होते. तुटल्याची कड मात्र पांढरीशुभ्र होती. गुस्ताव फावड्याचे पाते विजारीला पुसत होता. त्याने मान वर केली नाही.

“साहेब,” तो म्हणाला, “रंग वाळायला वेळ लागतो.”

मी ब्रश घेतला. संध्याकाळी अहवाल पाठवला: ओळख पटलेले पंधरा, अनोळखी सोळा.