मोहरीएवढा बुडबुडा

उदगीरच्या मल्लिनाथअप्पांच्या हाताला तालुक्यात नाव होतं. फवारणीचा पंप असो, शिलाई मशीन असो की गिरणीची मोटर, अप्पांनी कान लावला की यंत्र आपलं दुखणं आपल्या तोंडानं सांगायचं. अशा माणसाच्या घरी सून आली ती पिस्तूल घेऊन.

पिस्तूल नेमबाजीचं. दामिनीचं माहेर नांदेड. ती शाळेत खेळाची बाई होती, आणि दहा मीटरवरून कागदावरच्या काळ्या वर्तुळात छर्रे मारायचा तिला नाद. हवेवर चालणारं जर्मन पिस्तूल, नळीखाली हवेचं सिलिंडर, त्यावर दाब दाखवणारा करंगळीच्या नखाएवढा काटा. रुखवतात ते कुरडयांच्या परातीशेजारी मांडलं होतं, आणि वऱ्हाडातल्या बायका कुरडया सोडून तेच बघत होत्या.

अमरेश, म्हणजे दामिनीचा नवरा, बिलोलीला बँकेत. तो शनिवारी यायचा. घरात उरले सासू, सासरा आणि सून. अप्पांनी दुकानामागच्या गोदामातली पेंडीची पोती एका कडेला लावली, टेप धरून दहा मीटर मोजले, आणि सुनेला नेम धरायला जागा करून दिली. सासूबाई दानम्मा भाकरी थापता थापता जोडून म्हणायच्या,

"सून आणली सोन्याची, तिच्या हाती लोखंड,
सासरा बसला पुसत, भाकर झाली थंड."

अप्पा हसायचे आणि थंड भाकर खायचे.

गेल्या वर्षी राज्य स्पर्धेची निवड दामिनीच्या हातून तीन गुणांनी गेली होती. साठ छर्रे, सहाशे गुण, त्यातले पाचशे चाळीस लागतात. तिचे झाले पाचशे सदतीस. यंदाची निवड नांदेडलाच होती आणि वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती सासऱ्यांना म्हणाली होती, "मामा, यंदा नाही झालं तर पेटीला कुलूप लावते. पुरे झालं."

अप्पांनी ते कुलूप मनाला लावून घेतलं.

आणि नेमकं तेव्हाच पिस्तूल रुसलं. पहिले चाळीस छर्रे नऊ-दहाच्या घरात, पुढचे वीस पायरी उतरल्यासारखे एकेक खाली.

"श्वास," सुनेला अम्मा म्हणणारे अप्पा निदान करून मोकळे झाले. "शेवटी शेवटी तू दमून राहिलीस, अम्मा. श्वास सुटतो, हात पडतो."

दामिनीनं पंधरा दिवस श्वास सुधारला. पहाटे तळ्यापर्यंत चालत गेली, प्राणायाम केला, एका पायावर उभी राहिली. छर्रे खालीच. मग अप्पांना छर्ऱ्यांचा संशय आला. त्यांनी डबा ओतून सोनाराच्या काट्यावर एकेक छर्रा तोलून घेतला. सोनार म्हणाला, "अप्पा, एवढी निवड तर आम्ही सोन्याची करत न्हाई." छर्रे निर्दोष निघाले. मग दामिनीनं पिस्तुलावरचा नेम धरायचा मागचा काटा दोन घरं वर उचलला. शेवटचे वीस जागेवर आले आणि पहिले चाळीस वर उडाले.

तेव्हा कुठं अप्पांनी दाबाच्या काट्याकडं पाहिलं. चाळिसाव्या छर्ऱ्याला तो तांबड्या खुणेला टेकला होता. हवा कुठूनतरी जात होती.

सिलिंडर काढून त्यांनी सायकलच्या ट्यूबसारखं बादलीत बुडवलं. एक बुडबुडा न्हाई. परत जोडलं, दाढीच्या ब्रशानं सांध्यावर साबणाचा फेस लावला, आणि चष्मा कपाळावर सारून डोळा भिडवला. फेसातून मोहरीएवढा बुडबुडा वर आला, फुटला. दुसरा आला.

"सापडलास रं," अप्पा त्याला म्हणाले, जसं हरवलेल्या वासराला म्हणावं.

सांध्यातली रबरी रिंग खराब होती. त्यांनी नवी बसवली. चार दिवस पिस्तूल सुतासारखं सरळ. पाचव्या दिवशी मोहरी परत. पुण्याची रिंग आणली, चार दिवस. दामिनीच्या जुन्या प्रशिक्षकांनी ओळखी काढून थेट जर्मनीची मागवली, तीही चार दिवस.

"ह्या जर्मन लोकान्ला रबर कळतच न्हाई," अप्पा गिऱ्हाइकांना सांगू लागले. "लोखंड लई बेस. पण रबर म्हनलं की बोंब."

दर दुरुस्तीला अप्पांची रीत एकच. हात पाय धुवून बसायचं, पांढरं फडकं अंथरायचं, उघडलेलं सिलिंडर तोंड वर करून उभं ठेवायचं. कमरेच्या बटव्यातून विभूती घ्यायची. तीन बोटं आधी आपल्या कपाळावर, मग यंत्राच्या तोंडापाशी, तीन आडव्या रेघा, मग जोडणी. बापापासूनची चाल होती ती. भस्म लावल्याबिगर पान्याला हात नाही. पिस्तुलाचं दुखणं जसं वाढत गेलं, तशी अप्पांची श्रद्धाही वाढली. आधी रेघा बारीक होत्या, मग ठसठशीत झाल्या. शेवटच्या दोन खेपांना तर भुकटी सांडेपर्यंत.

निवडीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी पिस्तूल अखेरचं उघडलं. शिलाईच्या सुईनं रिंग उचलली आणि घड्याळवाल्याकडून मागून आणलेलं भिंग डोळ्याला लावलं. रिंगेवर ओरखडे होते, केसागत बारीक, गोल गोल. खाचेत करडा लगदा. अप्पांनी तो बोटावर घेतला. कसला मळ म्हणावा हा? तेलाचा न्हाई, शिशाचा न्हाई. अंगठ्यानं चोळला.

आणि चोळता चोळता अंगठा थांबला.

चाळीस वर्षं ती तीन बोटं रोज सकाळी हेच चोळत होती. डोळा फसला असता, पण बोटं कशी फसतील? सिलिंडर फिरवून बसवलं की तोंडावरची राख सांध्यात शिरत होती आणि रिंगेला कानशीसारखी घासत होती. पंपाच्या जाड चामडी वायसरला असल्या भक्तीचं काही वाटत नाही. ह्या नाजूक जातीला चार दिवसांत मरण.

"काय झालं?" दानम्मांनी दारातून विचारलं. "चेहरा का असा उतरला?"

"जर्मनीचं काय चुकलं न्हाई," अप्पा एवढंच म्हणाले.

त्यांनी खाच धुतली, पुसली, पुन्हा धुतली. नवी रिंग बसवली. बटव्याकडं हात गेला तो मांडीखाली दाबून धरला. सुनेला काही बोलले नाहीत. म्हटलं, उद्या नेम झाला की सांगू. नेम नाहीच झाला तर... तर तेही नंतरच बघू.

सकाळच्या एसटीनं दोघं नांदेडला पोचले. सभागृहात मुलंमुली, आईबाप, पेट्याच पेट्या. तपासणीच्या टेबलावर अधिकाऱ्यानं पिस्तुलाचा चाप फार हलका नाही ना हे वजन टांगून पाहिलं, मान हलवली. दामिनी बाजूला आली, पेटीतलं सिलिंडर काढून दोन्ही हातांनी सासऱ्यापुढं धरलं.

"विभूती लावा मामा. तुमच्या हातची लावल्याबिगर मी उभी राहात नाही आता."

अप्पांनी सुनेकडं पाहिलं. चार पावलांवर तिचं नाव पुकारत होते. गोड बोलून टाळता आलं असतं, बटवा घरी राहिला म्हणता आलं असतं. बटवा कमरेला दिसत होता.

"लावायची न्हाई," ते म्हणाले. "तिच्यानंच बिघडत होतं. रिंग राखेनं खाल्ली, अम्मा. माझ्याच बोटानं."

"कधी कळलं?"

"काल."

"आणि श्वास?"

अप्पांनी बटवा सदऱ्याखाली सारला.

"पंधरा दिवस मी बगळ्यासारखी एका पायावर उभी आहे मामा! गल्लीतली पोरं हसून राहिली. आई म्हणाल्या, पायाला काही बाधा झाली का. आणि माझ्या श्वासाला काही झालंच नव्हतं?"

"तुझा श्वास एकदम बेस हाय," अप्पा खालमानेनं म्हणाले. "माझंच निदान खोटं."

तिनं सिलिंडर खाडकन फिरवून बसवलं आणि वळूनही न बघता रेषेवर गेली.

अप्पा दोरीपलीकडच्या खुर्चीत बसले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या हातांना काही काम नव्हतं, तर ते एकमेकांनाच चाचपू लागले. पहिले दहा झाले, अठ्ठ्याऐंशी. रागाचे होते ते. दुसरे दहा, एक्याण्णव. राग निवत गेला, खांदे सैल झाले, हात लांबून झुलल्यासारखा वर जायचा आणि ठरायचा. चाळीस झाले. अप्पांनी डोळे मिटून घेतले. एकेचाळिसावा कुठं लागला हे त्यांना शेजारच्या बाईच्या "अगं बाई, दहा!" वरून कळलं. मग डोळे उघडले. शेवटचा छर्रा सुटेपर्यंत समोरच्या पडद्यावरचा एकही ठिपका पायरी उतरला नाही. पाचशे बेचाळीस, लागत होते त्याहून दोन जास्त.

आणि एका पायावर उभं राहिलेल्या पंधरा दिवसांनी त्यात किती भर घातली, हे विचारायचं अप्पांना धाडस झालं नाही.

दामिनी पाण्याची बाटली घेऊन आली. तिच्यामागून मुखेडचे एक गृहस्थ आले, अण्णाराव नावाचे, लेकीची पेटी छातीशी धरून.

"म्याडम, शेवटपर्यंत काय दाब धरला हो तुमच्या पिस्तुलानं! आमच्या शिवांगीचं मधीच बसतं. तुमचं कोण बघतं?"

"हे," दामिनीनं बाटलीच्या तोंडानंच दाखवलं. "माझे सासरे. उदगीरचे. यांच्यासारखा हात नाही."

हे वाक्य ऐकायला अप्पांनी महिनाभर फेस आणि रिंगा केल्या होत्या. आता ते आलं तेव्हा त्यांना खुर्चीखाली जावंसं वाटलं.

"नेमकं काय केलं तुम्ही, अप्पा?" अण्णारावांनी आदरानं विचारलं.

"काय न्हाई. मीच बिघडवलं होतं, ते बिघडवायचं थांबवलं."

अण्णाराव मांडीवर थाप मारून हसले. "बघ शिवांगी, बघ! खरा कारागीर असाच बोलतो. हाव का न्हाई?"

"खरंच सांगून राहिलो, पाव्हनं..."

"हाव हाव, कळलं," म्हणत अण्णारावांनी पेटी अप्पांच्या मांडीवर ठेवलीसुद्धा.

अप्पांनी मदतीसाठी सुनेकडं पाहिलं. तिच्या तोंडात पाण्याचा घोट होता, आणि हसू आवरायला तिनं श्वास रोखून धरला होता.