नारूचं हलतं चित्र

निजामाच्या राज्यातली गोष्ट. तलवाड्याच्या शाळेत गहिनीनाथ मास्तरांनी चित्रांचा कंदील आणला आणि भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या. दिव्यापुढच्या काचेची मूठ फिरवली की भिंतीवरचं चित्र हलायचं.

पोरं आधी हसली. चित्रातल्या माणसानं पायऱ्या उतरून बारवेच्या पाण्यात पाय बुडवला. पायाच्या फोडातून पांढरा दोरा लोंबत होता. त्यातून धुरासारखं काहीतरी पाण्यात सुटलं. मास्तरांनी काच बदलली, तर त्या धुरात बारीक जंत वळवळत होते.

"हा नारू. देवाचा कोप न्हाई हा. त्याच्या ह्या पिल्लांना पाण्यातले बारीक किडे गिळतात. ते पाणी आपण तसंच पितो, अन् वर्षभरानं नारू आपल्याच पायातून निघतो."

आता कुणी हसेना. दुकानदार बसप्पाची लेक गंगासागर तर भिंतीवरून नजर काढेना. तिच्या अप्पाच्या टाचेतून नारू निघाला होता. बसप्पा रोज तो थोडा थोडा काडीला गुंडाळायचा, आणि पायाची आग झाली की बारवेत जाऊन उभा राहायचा.

घरी येताच तिनं माठ उपडा केला.

"कावून सांडलंस गं?" आई मल्लम्मा ओरडली.

गंगासागर रिकामा माठ घासत राहिली. रात्री तिनं पाण्याचा घोटही घेतला नाही. सांगावं तर अप्पाचं नाव घ्यावं लागणार होतं.

सकाळी बसप्पा बारवेकडे निघाला, तशी ती मागं धावली. तो पायरी उतरणार तोच तिनं त्याच्या कमरेला मिठी मारली.

"अप्पा, उतरू नका! तुमच्या पायातलं पाण्यात जातंय. मास्तरांनी दाखवलंय!"

पाणी भरणाऱ्या बायांचे हात थांबले. सुंदरबाईनं घागर खाली ठेवली. तिचा मुलगा पंडित नारूनं महिनाभर खाटेवर होता.

"माझं लेकरू तुझ्यापायी पडलंय का रे बसप्पा?"

सुंदरबाईनं दगड उचलला. आरडाओरडा ऐकून मास्तर धावत आले आणि मधे उभे राहिले.

"त्याला ठाऊक नव्हतं, बाई. कुणालाच ठाऊक नव्हतं. आजपासून नारू असलेल्यानं बारवेत उतरायचं न्हाई. लुगडं दुहेरी करून पाणी गाळायचं, मगच प्यायचं."

"अन् आजवर जे पिलं ते?"

सुंदरबाईच्या हातातला दगड गळून पडला आणि ती तिथंच पायरीवर बसली.

त्या दिवसापासून घरोघरी माठाच्या तोंडाला फडकं बांधलेलं दिसू लागलं. बसप्पा पुन्हा बारवेकडे फिरकला नाही. गंगासागर मात्र रोज आंघोळीला बसली की तळपाय चाचपून बघायची. जरा खाज सुटली तरी दिव्यापाशी जाऊन पुन्हा बघायची.

पुढल्या उन्हाळ्यात तिच्या घोट्यावर फोड आला. आगीत धरल्यासारखा पाय जळू लागला.

"काटा मोडलाय," ती अप्पाला म्हणाली.

बसप्पानं तिचा पाय मांडीवर घेतला, उजेडाकडे वळवला, तर फोडाच्या तोंडाशी दोऱ्याचं पांढरं टोक दिसलं.

"लई दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"न्हाई, अप्पा."

मग तो उठला आणि गुंडाळायला बारीकशी काडी शोधू लागला.