ओळखलं की केस जातात

राजेश्वरीचं लग्न वेणीमुळं जमलं, असं तिची सासू विजयमालाबाई सगळ्या कोपरखैरण्याला सांगत सुटायची. "पाटणला पोरगी बघायला गेलो, पोहे कसे होते ते आठवत नाही. पण वेणी! गुडघ्याला टेकत होती बाई!" आता अशी वेणी असल्यावर माणूस जरा तोऱ्यात राहणारच. राजेश्वरीही राहायची, आणि का राहू नये?

शहाण्णव साली, पाऊस सरता सरता शिवतेज झाला. पोटुशी असताना तर तिचे केस आणखीच दाट झाले होते. बाळाला न्हाऊ घालायला पावणे गावातली गोजरा यायची. पाय पसरून बसायची, पोराला नडग्यांवर घ्यायची, आणि हातापेक्षा तिचं तोंड जास्त चालायचं. बाळाचा तिसरा महिना सरला तशी एकदा सहज बोलून गेली, "पोर आयेला वलखाला लागला ना, का आयेचं केस जातान. आमच्यान सगल्यांचंच ग्येलं."

त्याच दुपारी फणीत हा एवढा गुंता आला. दुसऱ्या दिवशी मोरीच्या जाळीत केस, तिसऱ्या दिवशी उशीवर केस. मग तिनं जे डोकं चालवलं, ते ऐकून हसावं की रडावं! पोरानं ओळखलं की केस जातात ना? मग ओळखूच द्यायचं नाही. पोराजवळ जाताना पदर पार हनुवटीपर्यंत ओढायचा, तसंच दूध पाजायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

सासूला वाटलं, सून उशिरा का होईना, रीतभात शिकली. नवरा उदयसिंह वाशीच्या कांदा-बटाटा बाजारात माथाडी. त्याला बायकोचे केस गळतात एवढंच कळलं. त्यानं रस्त्याकडेच्या तंबूतल्या जडीबुटीवाल्याकडून हिरव्या तेलाची बाटली आणली. तिचा वास असा की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. केस गळायचे काही थांबले नाहीत.

पोरगं मात्र हसायला लागलं होतं. आजीकडं बघून हसायचं, गोजराकडं बघून हसायचं, मेलं पंख्याकडं बघूनसुद्धा हसायचं. पंधराएक दिवसांनी राजेश्वरी दोरीवरचे कपडे काढून आत आली, तर शिवतेज रडत होता. घाईत तिनं त्याला उचललं. पदर खांद्यावरच राहिला. पोरानं तिच्या तोंडाकडं टकामका बघितलं, खालचा ओठ काढला आणि असा टाहो फोडला की ज्याचं नाव ते. आजीच्या खांद्यावर गेल्याबरोबर गप्प.

"आत्याबाई, माझंच पोर मला परकी समजतंय हो," म्हणत राजेश्वरी हमसून हमसून रडली, आणि सगळं सांगून मोकळी झाली.

"अगं माझे बाई!" विजयमालाबाईंनी कपाळावर हात मारला. "केसांपायी लेकरापासून तोंड लपवलंस? ऊठ! डॉक्टरीणबाईंकडं चल आधी."

उदयसिंहही मागोमाग निघाला. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं, आधी पोटभर हसल्या, मग राजेश्वरीचा हात धरला. "गोजराबाईंचं निम्मं खरं आहे गं. पोटात बाळ असताना अंगात हार्मोन वाढलेले असतात. ते गळायच्या केसांनाही धरून ठेवतात. बाळंतपणानंतर हार्मोन उतरतात, आणि तीन-चार महिन्यांनी ते थोपवलेले केस एकदम गळतात. नेमकं तेव्हाच बाळ आईला ओळखायला लागतं. त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? तू तोंड झाकलंस, म्हणून केस गळायचे थांबले का?"

"मग टक्कल पडणार का हो मला?"

"छे! वर्षभरात आपोआप येतील. पोटभर जेव, लोहाच्या गोळ्या सोडू नकोस, वेणी सैल घाल, आणि ते हिरवं तेल फेकून दे. तरीही नाहीच थांबले, तर रक्त तपासून थायरॉईड बघू. तोही हार्मोनच, कमी असला तर त्यावर गोळी आहे."

उदयसिंहला हुरूप आला. त्यानं डोक्यावरचा रुमाल काढून टाळू पुढं केली. "माझंबी बघा की. गोण्या वाहून वाहून गेले, येतील ना परत?"

"गोण्यांना बोल लावू नका. वडिलांना टक्कल आहे?"

"हाय. मामालाबी हाय."

"मग हे पुरुषी हार्मोनचं, घराण्यातून आलेलं. आपोआप नाही यायचे. लावायचं औषध आहे, पण रोज चोळावं लागेल. चार-सहा महिन्यांनी थोडाफार फरक दिसेल, आणि सोडलं की पुन्हा गळती."

उदयसिंहला त्यांचा मुकादम शहाजी आठवला. तीस वर्षं गोण्या वाहूनही डोक्यावर जंगल! त्यानं गुपचूप रुमाल बांधला. सासू-सुना पदराआड खुदुखुदु हसत होत्या.

घरी आल्यावर राजेश्वरीनं पदर कमरेला खोचला आणि पोराला समोर घेऊन बसली. पहिल्या दिवशी ते रडलं. दुसऱ्या दिवशीही रडलं, आणि तिनं रडत रडतच त्याच्याशी गप्पा मारल्या. तिसऱ्या दिवशी नुसतं बघत राहिलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. केस गळतायत का, हे बघायचंही तिच्या ध्यानात राहिलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ती त्याच्यावर वाकली, तशी सैल वेणी पुढं आली. शिवतेजनं वेणीकडं बघितलं, मग वर तिच्या तोंडाकडं बघितलं आणि बोळकं पसरून हसला. नुसता हसला नाही, तर दोन्ही मुठींत वेणी धरून अशी ओढली की राजेश्वरीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मुठीत आठ-दहा केस निघाले.

"अगं, सोडव की!" सासू धावत आली. "केस उपटतोय ना तो!"

"उपटू द्या आत्याबाई," राजेश्वरी म्हणाली. "ओळखलं त्यानं मला."